निवासी डॉक्टरांमधील बर्नआउट आणि कामाच्या तासांचा प्रश्न

प्रस्तावना :
वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील निवासी डॉक्टर हा एकाच वेळी पदव्युत्तर विद्यार्थी आणि पूर्णवेळ कर्मचारी असतो. त्याच्या थकव्याची चर्चा बहुधा सहनशक्ती, समुपदेशन व योगसाधना या अंगाने होते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार प्रामुख्याने कामाच्या तासांच्या संदर्भात केला आहे.

संकल्पना :
‘बर्नआउट’ ही संज्ञा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांच्या १९७४ मधील लेखनातून रूढ झाली. क्रिस्टिना मास्लाक व सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये तिच्या मापनाची प्रश्नावली मांडली. भावनिक थकवा, समोरच्या व्यक्तीविषयी अलिप्तता आणि आपल्या कामातून काही साध्य होत नाही ही भावना, असे तिचे तीन घटक आहेत. यांपैकी दुसरा घटक रुग्णाच्या दृष्टीने अधिक गंभीर होय; कारण तेथे रुग्ण माणूस न राहता ‘बारा नंबरची खाट’ बनतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आजार न मानता कामाशी निगडित स्थिती मानले. म्हणजेच त्याचे मूळ कामाच्या ठिकाणी शोधावयास हवे.

कामाचे स्वरूप व नियम :
आपत्कालीन पाळीच्या दिवशी सकाळी सुरू झालेले काम अनेकदा रात्रभर चालून दुसऱ्या दिवशीचा राऊंड आटोपल्यावरच संपते. रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचविणे, रक्तपेढीत धावणे, डिस्चार्ज कार्ड लिहिणे हीही कामे पहिल्या वर्षाच्या डॉक्टरकडे येतात. कर्मचाऱ्यांची रिक्त पदे अशा रीतीने शिक्षणाच्या नावाखाली भरून निघतात.

न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन या तरुणीच्या १९८४ मधील मृत्यूनंतर १९८९ मध्ये निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली; २००३ मध्ये ती अमेरिकाभर लागू झाली. भारतात तर केंद्र शासनाने १९९२ मध्येच सलग १२ तास व आठवड्याला सर्वसाधारणपणे ४८ तास असे निर्देश दिले होते. तथापि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत आकडा नाही. तेथे कामाचे तास ‘वाजवी’ असावेत एवढेच म्हटले आहे. आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये कमाल ७४ तासांची शिफारस केली. बत्तीस वर्षांनी सुचविलेली ही मर्यादा जुन्या मर्यादेपेक्षा २६ तासांनी अधिक आहे, ही बाब चिंतनीय होय. तरीही आकडा असणे महत्त्वाचे, कारण तो मोजता येतो. ‘वाजवी’ म्हणजे किती, हे मात्र प्रत्यक्षात विभागप्रमुखच ठरवितात. आणि प्रबंधावरील स्वाक्षरी व परीक्षेचे भवितव्य बऱ्याच अंशी त्याच विभागाच्या हाती असल्याने तक्रार करण्यास पुढे येणारा विद्यार्थी विरळाच.