पेट्रोलचा वास आणि काळा डबा

कला शाखेच्या वार्षिकात मोटारीच्या इंजिनावर लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. माझा विषय इतिहास. परंतु माझे बालपण मिरजेला वडिलांच्या गॅरेजमध्ये गेले. मुळाक्षरे गिरवण्याच्या आधी मला बारा-तेराचा पाना ओळखता येत होता. शिवाय ज्या वस्तूविषयी लिहिणार आहे तिच्या पाठीशी थोडा इतिहासही आहे. तेव्हा संपादकांनी आणि वाचकांनी मला सांभाळून घ्यावे.

माझा थोरला भाऊ अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे नोकरीस असतो. गॅरेजचे वेड त्याने तिकडेही नेले. तीन वर्षांपूर्वी त्याने १९८७ सालची फोक्सवॅगनची ‘व्हॅनॅगॉन’ ही गाडी घेतली. आत अंथरूण पसरून झोपता येईल इतकी ऐसपैस. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटांखाली आणि इंजिन पार मागे. गाडी देखणी, पण चढ लागला की धापा टाकणारी. त्यात इंजिन थकलेले. अशा गाड्यांत सुबारूच्या ‘लेगसी’ मोटारीचे २.२ लिटरचे इंजिन बसवण्याची पद्धत तिकडे जुनी आहे. दोन्ही इंजिनांचे चार सिलिंडर आडवे, दोन-दोन समोरासमोर. त्यामुळे जपानी पाहुणा जर्मन घरात अंग चोरून का होईना, पण मावतो. दादाने १९९२ सालच्या लेगसीचे इंजिन, त्याच्या तारा आणि त्याचा संगणक असे सगळे बिर्‍हाड एका भंगारवाल्याकडून उचलून आणले.

इंजिन बसले, सुरूही झाले. राहिला एक काळा डबा. साधारण पाण्याच्या लहान तांब्याएवढा, प्लॅस्टिकचा, तीन नळ्या फुटलेला. जुना झालेला, एका कडेला तडकलेला. दादाने रात्री फोन करून बाबांना विचारले, “बाबा, याचं काय करू?” बाबा गॅरेजमध्येच होते. ते म्हणाले, “अरे, काढून टाक. त्याच्यावाचून गाडी अडत नाही.”

बाबांचे म्हणणे शब्दशः खरे होते. गाडी अडली नाही. टाकीकडून येणारी नळी गाडीखाली तशीच लोंबकळत ठेवून दादा गाडी फिरवू लागला. जून महिना होता. चार दिवसांनी वहिनीने तक्रार केली की वरच्या खोलीत पेट्रोलचा वास येतो. त्या घरात गॅरेज खाली आणि बरोबर त्याच्यावर निजायची खोली. तिथे पाच महिन्यांची पुतणी झोपत असे. पेट्रोलमध्ये बेंझीन असते आणि ते कर्करोगाला कारण होते, एवढे वहिनीला माहीत होते. तिला माहीत नसलेली गोष्ट याहून वाईट होती. त्याच गॅरेजच्या कोपर्‍यात पाणी तापवायचा गॅसचा बंब होता आणि त्याची बारीक ज्योत रात्रंदिवस जळत असे.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती धुरासारखी वर जात नाही. फरशीवर पाण्यासारखी पसरते. हवेत तिचे प्रमाण साधारण दीड टक्का झाले की ठिणगी पुरते. म्हणूनच अमेरिकेतील घरबांधणीच्या नियमांत गॅरेजमधील अशा बंबाची ज्योत जमिनीपासून १८ इंच उंच ठेवायला सांगितले आहे. दादाच्या घरातला बंब जुना होता, जमिनीवरच टेकलेला.

दादाने पुन्हा फोन केला. बाबांनी दुसरा तोडगा सुचवला, “नळीच्या तोंडात बोल्ट घाल आणि वर क्लिप आवळ.” हाही तोडगा आमच्याकडे सर्रास चालणारा. वास थांबला. पुढच्या आठवड्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे झाकण पेट्रोल पंपावर उघडताना फस्सकन आवाज झाला आणि पेट्रोल दादाच्या मनगटापर्यंत उडाले. याच्या उलट प्रकार लांबच्या प्रवासात झाला. इंजिन टाकीतले पेट्रोल ओढत होते, पण त्याच्या जागी आत हवा यायला वाट नव्हती. झाकणातली लहानशी झडप जुनी होऊन चिकटलेली. शेवटी पंप कण्हू लागला आणि गाडी अडखळली.

येथे थोडे थांबून टाकीचा स्वभाव पाहिला पाहिजे. पेट्रोल हा एक पदार्थ नव्हे, अनेक हायड्रोकार्बनांचे ते मिश्रण. त्यातले हलके घटक साध्या उन्हानेही उडू लागतात. दिवसा टाकी तापते, आतील वाफ फुगून बाहेर पडू पाहते. रात्री टाकी निवते आणि बाहेरची हवा आत ओढते. गाडी जागेवर उभी असली तरी हा श्वासोच्छ्वास चालूच असतो. टाकीला नाक हवे, हे पहिल्यापासून सगळ्यांना माहीत होते. जुन्या गाड्यांच्या झाकणाला सरळ भोक असे, आणि ते श्वास जायचे कुठे याचा विचार कोणी करीत नसे.

तो विचार करायला लावला लॉस एंजेलिस शहराने. १९४३ च्या जुलैमध्ये तिथे असे दाट, डोळे झोंबवणारे धुके पसरले की युद्धाचे दिवस असल्याने कित्येकांना तो शत्रूचा विषारी वायूचा हल्लाच वाटला. आरी हागेन-स्मिट हे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ तेथील कॅल्टेक संस्थेत अननसाच्या स्वादातील द्रव्यांचा अभ्यास करीत होते. १९५० च्या सुमारास ते या धुक्याकडे वळले आणि त्यांनी दाखवून दिले की न जळलेल्या पेट्रोलची वाफ आणि इंजिनातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड यांवर सूर्यप्रकाश पडला की ओझोन आणि त्याच्या जातीची दाहक द्रव्ये तयार होतात. म्हणजे धुराच्या नळकांड्याबरोबर काही दोष टाकीच्या नाकाकडेही जात होता. मोटार उत्पादकांना हे पटायला वेळ लागला, ही गोष्ट वेगळी. कॅलिफोर्नियाने १९७० च्या मॉडेलपासून आणि सार्‍या अमेरिकेने १९७१ च्या मॉडेलपासून टाकीच्या वाफेला बांध घालणे सक्तीचे केले. दादाच्या हातातला काळा डबा हा त्या सक्तीचा वंशज.

डब्यात असतो कोळसा. पण चुलीतला नव्हे; विशेष प्रक्रियेने सच्छिद्र केलेला क्रियाशील कोळसा. त्याच्या एका ग्रॅममधील सूक्ष्म छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या तर कित्येक शे चौरस मीटर जागा व्यापतील. पेट्रोलच्या वाफेचे रेणू या भिंतींना चिकटून बसतात. स्पंज पाणी पितो तसे हे पिणे नव्हे, पृष्ठभागाला धरून राहणे आहे. म्हणूनच ते सोडवताही येते. तीन नळ्यांपैकी एक टाकीकडून वाफ आणते. दुसरी बाहेरच्या हवेला उघडी असते. तिसरी इंजिनाकडे जाते, आणि खरी गंमत तिच्यात आहे. इंजिन गरम होऊन नीट चालू लागले की त्याच्या हवा ओढण्याच्या मार्गात व्हॅक्यूम असतो. तिसर्‍या नळीवरची झडप उघडते, बाहेरची ताजी हवा कोळशातून ओढली जाते आणि रात्रभर साठलेली वाफ बरोबर घेऊन इंजिनात जाते. तिथे ती जळते, म्हणजे वाया जाणार्‍या पेट्रोलवर गाडी चालते. डबा रिकामा झाला की रात्रीसाठी पुन्हा तयार. टाकीने श्वास घ्यायचा, पण तो या डब्यातून गाळून घ्यायचा, एवढीच ही योजना.

मग इंजिन बदलणार्‍यांचेच येथे हात का पोळतात? कारण हा डबा ना धड इंजिनाचा, ना धड गाडीचा. त्याचे माहेर टाकीकडे आणि सासर इंजिनाकडे. टाकी, तिची वाफेची नळी, गाडी उलटली तर द्रव पेट्रोल अडवणारी झडप हे सारे जुन्या गाडीचे. पण डबा केव्हा रिकामा करायचा हे ठरवणारी झडप आणि तिला हुकूम देणारा संगणक नव्या इंजिनाबरोबर आलेले. जुने इंजिन गेले की मधला दुवा तुटतो. तो जोडायचा राहिला तर पुढे काय होते ते दादाने भोगलेच. काही लोक झडप वगळून डब्याची नळी थेट इंजिनाला जोडतात. मग सावकाश चालतानाही वाफ ओढली जाते आणि इंजिन सिग्नलला थरथरत उभे राहते. टर्बो इंजिन असेल तर एकतर्फी झडपही लागते; नाहीतर इंजिनातला दाब उलटा डब्यात शिरतो. १९९६ नंतरच्या अमेरिकन इंजिनांचा जाच आणखी निराळा. त्यांचा संगणक टाकीपासून इंजिनापर्यंतच्या मार्गाला कुठे गळती आहे का, हे स्वतःच तपासतो; आरंभी एक मिलिमीटरचे भोक पकडले जाई, पुढे अर्ध्या मिलिमीटरचेही. त्यासाठी टाकीचा दाब मोजणारे यंत्र आणि बाहेरच्या हवेची नळी बंद करणारी झडप हेही त्या इंजिनाच्या गाडीवरून उतरवून आणावे लागते. दादाचे इंजिन १९९२ चे, म्हणून तो या फेर्‍यातून वाचला.

तिसरा फोन झाला तेव्हा मी बाबांच्या शेजारी होतो. दादाने बोल्टची आणि बंबाची हकिकत सांगितली. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. आमच्या गॅरेजमध्ये टाकीला डाग लावायचा असेल तर ती आधी पाण्याने काठोकाठ भरण्याचा दंडक आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी भयंकर, कारण तिच्यात वाफ असते, हे बाबांनीच आम्हां भावांना दरडावून शिकवले होते. बाबा एवढेच म्हणाले, “गाडी आजपासून बाहेर रस्त्यावर लाव. आणि डबा नवा आण.”

नवा डबा टाकीच्या मापाचा घ्यावा लागतो. साठ लिटरच्या टाकीला लहान गाडीचा डबा अपुरा पडतो. दादाने तो उभा, सायलेन्सरच्या उष्णतेपासून दूर बसवला. टाकीकडची नळी पेट्रोलला टिकणार्‍या रबराची घेतली आणि तिला कुठे झोळ राहणार नाही असा चढ दिला, कारण झोळात द्रव पेट्रोल साचले तर ते डब्यात उतरते, आणि भिजलेला कोळसा कामातून गेला. (पंपावर नळी आपोआप बंद झाल्यावरही टाकी गळ्यापर्यंत भरून घेणारे आपले लोक नेमका हाच उद्योग करतात.) इंजिनाकडच्या नळीवर लेगसीची विजेवर चालणारी झडप, बाणाची दिशा पाहून, आणि तिच्या तारा लेगसीच्याच संगणकाला. हातपंपाने व्हॅक्यूम देऊन पाहिले. वीज नसताना झडप बंद, बारा व्होल्ट दिले की उघडी. सगळे काम एका रविवारचे.

कॅलिफोर्नियात धुराची तपासणी १९८४ पासून आहे आणि १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना तिच्यातून सूट आहे. इंजिन बदललेली गाडी मात्र ‘रेफरी’ म्हणवणार्‍या खास तपासनिसाकडे न्यावी लागते. इंजिन गाडीच्या सालापेक्षा जुने चालत नाही, हलक्या गाडीत जड ट्रकचे चालत नाही, आणि इंजिनाबरोबरची प्रदूषण रोखणारी सर्व साधने जागेवर आणि चालू असावी लागतात. काळा डबा त्यांतलाच एक. दादाला आधी हे नियम जाचक वाटत. तपासनिसाने वाकून नळ्या मोजल्या, डबा पाहिला आणि दाराच्या चौकटीवर एक लेबल चिकटवले. त्याचा फोटो दादाने बाबांना पाठवला.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-सहा लागू झाल्यावर स्कूटरींनाही असा डबा असतो. गेल्या दिवाळीत एक मुलगा स्कूटर घेऊन आमच्या गॅरेजवर आला आणि म्हणाला, “काका, हे काळं काढून टाका, मित्र म्हणतो ॲव्हरेज वाढतं.” बाबांनी त्याला चहा पाजला, डब्याच्या तिन्ही नळ्या दाखवल्या आणि तसाच परत पाठवला.

त्या रात्री दादाचा फोन आला. बाबांनी आधी विचारले, “वास?”

“अजिबात नाही, बाबा.”

“बरं. आता चढावर कशी पळते ते सांग.”