झाडावरचा विका

2010 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ टायरोन लेव्हरी सॉलोमन बेटांपैकी वांगुनूवर गेले, तेव्हा झाइरा गावच्या लोकांनी त्यांना विकाबद्दल सांगितलं. भलामोठा उंदीर, मुक्काम उंच झाडांवर, आणि दात असे की नारळही फोडतो! लेव्हरींनी ही भाकडकथा म्हणून सोडून दिली नाही. समुद्रापलीकडे ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या वर्षावनात, नारळ कुरतडणारा पांढऱ्या शेपटीचा मोठा उंदीर आहेच. मग त्याचा भाऊबंद इथे का नसावा?

पण विका काही सापडेना. सापळे लावले, कॅमेरे बांधले, रात्र-रात्र झाडांचे शेंडे न्याहाळले. वर्षं सरली आणि लेव्हरींच्या मनात शंका डोकावू लागली: जहाजांतून आलेल्या साध्या काळ्या उंदरालाच तर लोक विका म्हणत नसतील?

नोव्हेंबर 2015. लाकूडतोड चालू असताना एक उंच झाड कोसळलं आणि त्यातून एक जखमी जनावर बाहेर पडलं. ते जगलं नाही. गावचे वनरक्षक हिकुना जज यांच्यामुळे ते अभ्यासकांच्या हाती आलं. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळपास दीड फूट, नारिंगी-तपकिरी अंग, आखूड कान, रुंद पावलं, वाकडी नखं आणि बारीक खवल्यांची केसहीन शेपटी. काळा उंदीर याच्यापुढे पिल्लूच वाटावा. कवटीची मापं घेतली, डीएनए ताडून पाहिला. प्रजाती नवीच निघाली, आणि क्वीन्सलँडच्या त्या उंदराच्याच कुळातली. 2017 मध्ये तिचं नामकरण झालं: युरोमिस विका. शास्त्राने गावकऱ्यांचाच शब्द घेतला, हे मला फार योग्य वाटतं. शोध खरा त्यांचाच होता.

जंगलातल्या जिवंत विकाची छायाचित्रं मात्र 2023 मध्ये जगासमोर आली. झाइराच्या जंगलात तिळाच्या तेलाचे दिवे आमिष म्हणून ठेवले, समोर कॅमेरे लावले. 95 छायाचित्रं मिळाली. त्यांत चार वेगवेगळे विका होते.

ही छायाचित्रं प्रसिद्ध झाली तेव्हा झाइराचं ते जंगल तोडायला परवानगी मिळालेली होती. गावकरी कित्येक वर्षं त्याविरुद्ध झगडत आले आहेत. तोड झाली तर विका नामशेष होईल, असं अभ्यासकांनी या छायाचित्रांच्या शोधनिबंधातच स्पष्ट लिहून ठेवलं आहे.