गीझर: वॅट, तारे आणि ठिबकणारा व्हॉल्व्ह

दिवाळी सरली की विजेच्या सामानाच्या दुकानात गीझरची चौकशी वाढते. "वीज कमी खाणारा दाखवा," म्हणत गिऱ्हाईक ३ किलोवॅटचा खोका बाजूला सारतं आणि २ किलोवॅटचा घरी नेतं. पहिला गैरसमज इथेच.

किलोवॅटचा आकडा पाणी किती लवकर तापेल एवढंच सांगतो. वीज किती लागणार ते पाणी ठरवतं. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला साधारण ४.१९ किलोजूल उष्णता लागते, गीझर कुठल्याही कंपनीचा असो. मुंबईत नळाचं पाणी २५ अंशांचं धरलं, तर २५ लिटरची टाकी ६० अंशांवर न्यायला साधारण १ युनिट पुरतं. नाशिकच्या थंडीत पाणी १५ अंशांवर उतरलं की त्याच टाकीला १.३ युनिट हवं. २ किलोवॅटचा गीझर त्यासाठी सुमारे ४० मिनिटं घेईल, ३ किलोवॅटचा २६. मीटर मात्र दोघांसाठी सारखंच फिरेल. तांब्याच्या कॉइलने वीज वाचते, हा विक्रेत्याचा आवडता मुद्दाही इथेच गळून पडतो. पाण्यात बुडालेली कुठलीही कॉइल मिळालेली जवळजवळ सगळी वीज उष्णतेतच बदलते.

मग वाया जाते कुठे? टाकीच्या भिंतींतून. बीईईच्या, म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या, लेबलवरचे तारे नेमकं हेच मोजतात: गरम पाणी नुसतं भरून ठेवलं, तर २४ तासांत किती उष्णता निसटते. म्हणून पाच तारे सगळ्यांना सारखेच फळत नाहीत. पहाटेपासून दुपारपर्यंत एकेक जण आंघोळीला जाणाऱ्या भरल्या घरात ते पैसे वसूल होतात. सकाळी अर्धा तास बटण दाबून सगळं पाणी संपवणाऱ्या जोडप्याला फरक फारसा जाणवणार नाही. दिवसभर चालू ठेवलेला गीझर वीज वाचवतो, हे तर उलटंच आहे. पाणी जितका वेळ गरम राहील तितका वेळ उष्णता निसटत राहते.

आकाराचा हिशोब बादलीने करावा. ६० अंशांच्या १५ लिटरमध्ये २० अंशांचं तेवढंच गार पाणी मिसळलं की ४० अंशांचं ३० लिटर होतं, म्हणजे दीड बादली. टाकीत मागून गार पाणी शिरत असल्याने प्रत्यक्षात थोडं कमीच. ३ किलोवॅटचा इन्स्टंट स्वयंपाकघरातल्या भांड्यांना उत्तम. पण नाशिकच्या त्या थंडीत ४० अंशांची २० लिटरची बादली भरायला तो ११-१२ मिनिटं घेतो. शॉवरखाली निराशाच.

टिकाऊपणाचा खरा शत्रू म्हणजे खारं पाणी. बोअर किंवा टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत कॉइलवर क्षारांचा थर चढतो, आणि पाणी जितकं जास्त तापवाल तितका तो लवकर चढतो. स्टेनलेस स्टीलची टाकी गंजतच नाही, हाही भ्रम. गरम पाण्यातले क्लोराइड जोडाशेजारी तिलाही पोखरतात. काचेचं अस्तर असलेल्या टाकीत मॅग्नेशियमची कांडी, म्हणजे अ‍ॅनोड रॉड, टाकीऐवजी स्वतः झिजते. खाऱ्या पाण्यात ती दरवर्षी उघडून बघावी आणि संपत आली की बदलावी. लोक मात्र गीझर गळेपर्यंत तिचं नावही ऐकत नाहीत.

वायरिंगबद्दल थोडक्यात: २ किलोवॅटला जवळपास ९ अँपियर लागतात, ३ किलोवॅटला १३. म्हणजे १६ अँपियरचा सॉकेट, चांगलं अर्थिंग आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी हवाच.

उंच इमारतीत दाबाची चिंता वरच्या मजल्यांना असते, असं अनेकांना वाटतं. गच्चीवरच्या टाकीखाली दर १० मीटरला सुमारे १ बार दाब वाढतो. त्यामुळे २० मजली इमारतीत दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल, तर तळमजल्याच्या नळाला ६ बारच्या आसपास दाब असतो. तिथे ८ बारचाच गीझर घ्यावा.

आणि तो ठिबकणारा सेफ्टी व्हॉल्व्ह! २५ अंशांचं पाणी ६० वर गेलं की सुमारे १.४ टक्के फुगतं. २५ लिटरला ३५० मिलिलिटर. मागे नळात परतायची वाट झडपेने बंद असल्याने ते थेंबाथेंबाने बाहेर पडतं. गळती समजून काही जण त्याला बूच ठोकून घेतात. थर्मोस्टॅट बिघडला तर दाब सुटायची वाट हीच असते, आणि ती बुजली की टाकी फुटू शकते. तापताना थेंब पडणं नेहमीचंच. गार गीझरमधूनही पाणी येत राहिलं, तर व्हॉल्व्ह आणि इमारतीतला दाब दोन्ही तपासून घ्यावेत.