‘गेल्तो’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

सातारा-सांगलीकडच्या बोलीत ‘गेल्तो’ हा मोठा कामाचा शब्द आहे. ‘कुठं गेल्तास?’ ‘सांगलीला गेल्तो.’ एवढ्यात जाणं झालं, काम उरकलं आणि गडी परतही आला, हे सगळं सांगून होतं. पुस्तकात याचंच ‘गेलो होतो’ होतं. आणि शाळेच्या वहीत त्याचं ‘आय हॅड गॉन टू सांगली यस्टर्डे’ होतं. मग त्यावर तांबडी रेघ येते आणि बाजूला एकच शब्द येतो: ‘वेन्ट’. का, ते बहुधा कुणी सांगत नाही.

माझी उमर इंग्रजी शिकवण्यात गेली, निम्मी साताऱ्यात आणि निम्मी सांगलीत. हा जादाचा ‘हॅड’ मी निबंधात पाहिला, रजेच्या अर्जात पाहिला, नोकरीच्या अर्जात पाहिला. गंमत अशी, की तो उनाड पोरांपेक्षा अभ्यासू पोरांच्या वहीत जास्त सापडतो. कारण अभ्यासू पोरानं कोष्टक पाठ केलेलं असतं.

मराठीच्या तासाला आपण भूतकाळाचे चार प्रकार शिकतो: साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती. पुढच्याच तासाला इंग्रजीचे सर फळ्यावर सिंपल, कंटिन्युअस, परफेक्ट लिहितात. मुलगा मनातल्या मनात जोड्या लावतो. ‘गेलो होतो’ हा पूर्ण भूतकाळ, ‘हॅड गॉन’ हा पास्ट परफेक्ट, झाली जोडी. गावात एकाच नावाचे दोन पाटील असावेत आणि पोस्टमननं एकाचं पत्र दुसऱ्याच्या दारात टाकावं, तशातला हा प्रकार. नावं सारखी, पण घरं वेगळी.

मराठीतला ‘गेलो होतो’ एकटा उभा राहू शकतो. इंग्रजीतल्या ‘हॅड गॉन’ला मात्र टांगायला खुंटी लागते. भूतकाळात घडलेली दुसरी एखादी गोष्ट हीच ती खुंटी. ती गोष्ट घडली, त्याच्याही आधी हे घडलेलं होतं, एवढंच सांगायला ‘हॅड’ येतो. खुंटी नसेल तर ऐकणारा ताटकळतो. ‘मी गेलो होतो... बरं, मग पुढं काय झालं?’ असं त्याला वाटत राहतं, आणि आपलं वाक्य तर कधीच संपलेलं असतं.

दोन्ही भाषा जिथं जुळतात, तिथून हे मुलांना चटकन कळतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. त्या महापुरावर निबंध लिहिताना ‘नाव आली तेव्हा आम्ही गच्चीवर गेलो’ आणि ‘नाव आली तेव्हा आम्ही गच्चीवर गेलो होतो’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात आधी नाव आली आणि मग माणसं वर गेली. दुसऱ्यात माणसं आधीच वर होती. इंग्रजीतही नेमका हाच फरक पडतो: ‘व्हेन द बोट केम, वी वेन्ट अप’ आणि ‘व्हेन द बोट केम, वी हॅड गॉन अप’. इथं नाव ही खुंटी आहे. ‘काल सांगलीला गेल्तो’ यात अशी नाव नाही, म्हणून तिथं साधा ‘वेन्ट’ पुरतो.

दुसरा घोळ ‘आहे’चा. ‘दादा कालच पुण्याला गेलाय’ हे मराठीत अगदी शुद्ध आहे. इंग्रजीत मात्र ‘हॅज गॉन’ आणि ‘यस्टर्डे’ एका पंगतीला बसत नाहीत. ‘हॅज’चं सगळं लक्ष आजवर असतं: दादा आत्ता घरी नाही. ‘काल’, ‘गेल्या सोमवारी’, ‘2010 साली’ असा संपलेला काळ उच्चारला, की ‘हॅज’नं उठायचं आणि ‘वेन्ट’नं बसायचं. परत आलेल्या माणसासाठी इंग्रजीत ‘हॅज बीन टू पुणे’ आहे. म्हणजे वेळ सांगायची नसेल, तर आपल्या ‘गेल्तो’चा इंग्रज भाऊ खरं तर हाच!

‘एवढ्या तेवढ्यानं काय बिघडतं? समोरच्याला समजतंच की!’ असं पालक म्हणतात. गप्पांमध्ये समजतंही. पण सगळीकडे गप्पाच नसतात. आमच्याकडे मिरज हे दवाखान्यांचं गाव. परिचारिकेचं शिक्षण घेऊन परदेशी निघालेली एक विद्यार्थिनी माझ्याकडे इंग्रजी लेखनाचा सराव करायला येत असे. पाळी बदलताना पुढच्या परिचारिकेसाठी लिहायच्या टिपणात तिनं लिहिलं, ‘पेशंट हॅड फीव्हर फॉर टू डेज’. मी विचारलं, ‘ताप उतरला का गं?’ ती म्हणाली, ‘नाही सर, अजून आहे.’ मग तिथं ‘हॅज हॅड फीव्हर’ हवं होतं. केवळ ‘हॅड’ म्हटलं तर वाचणारी समजणार, की ताप येऊन गेला. एका छोट्या शब्दावर रुग्णाचा ताप चढतो-उतरतो म्हटल्यावर तिला तो नियम पुन्हा सांगावा लागला नाही.

तिसरी गोष्ट जुन्या सवयींची. ‘लहानपणी आम्ही कृष्णेत पोहायचो’ याला मुलं ‘वी वेअर स्विमिंग’ लिहितात. त्यातून एखाद्या दिवशी, एखाद्या क्षणी पोहणं चालू होतं, एवढंच कळतं. रोजच्या, आता सुटलेल्या सवयीला ‘यूज्ड टू स्विम’ म्हणायचं. इथं मात्र कोष्टक मदतीला येतं, कारण आपल्या रीती भूतकाळाचं ते घर बऱ्यापैकी जुळतं.

राहिली ‘गो-वेन्ट’, ‘टेक-टुक’ असली आडमुठी रूपं. त्यांना पोरं फार भितात. त्यांना सांगावं, की बाळा, ‘जा’चं ‘गेला’, ‘ये’चं ‘आला’, ‘कर’चं ‘केला’ हे तुला कुणी शिकवलं? मराठी बाळ आधी ‘मी करलं’ म्हणतं आणि मग आपोआप ‘केलं’वर येतं. इंग्रज बाळही आधी ‘गोड’ म्हणतं आणि नंतर ‘वेन्ट’वर येतं. फक्त ‘डिड यू वेन्ट?’ टाळायचं. ‘डिड’नं भूतकाळ एकदा डोक्यावर घेतला, की मागच्या क्रियापदानं तेच ओझं पुन्हा उचलू नये.

या मातीत इंग्रजी मराठीच्याच हाताला धरून आली. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीमराव आंबेडकरांचं नाव इंग्रजी पहिलीत दाखल झालं. पुढे त्यांनी कोलंबिया आणि लंडनच्या विद्यापीठांसाठी इंग्रजीत प्रबंध लिहिले. 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले गावी कर्मवीरांनी रयत शिक्षण संस्था काढली. त्याच वर्षी सांगलीत विलिंग्डन कॉलेज सुरू झालं. ज्यांच्या घरात आधी कुणी शाळा पाहिली नव्हती, अशी कितीतरी पोरं अशा शाळा-कॉलेजांतून इंग्रजी शिकली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतही मराठी वाक्य समोर ठेवूनच इंग्रजी वाक्य घडवायचं असे. 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, ते चांगलंच झालं. पण इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायची चोरी झाली, तर मुलाजवळचं सगळ्यात मोठं भांडवलच आपण दाराबाहेर ठेवतो. ‘गेलो’, ‘गेलोय’, ‘गेल्तो’, ‘जायचो’ यांतला फरक ज्याला न शिकवता कळतो, त्याला काळाची जाण नाही असं कसं म्हणावं?

आज रविवार. पोहे खाताना मुलाला कालचा दिवस मराठीत सांगू द्या. प्रत्येक ‘होतो’पाशी थांबवून विचारा, ‘याची खुंटी कुठं आहे?’ सापडली तर ‘हॅड’ लावा, नाही सापडली तर साधा भूतकाळ. ‘आज’शी धागा असेल तर ‘हॅव’ नाहीतर ‘हॅज’. असे चार-सहा रविवार गेले, की वहीतली तांबडी शाई आपोआप कमी होईल. आणि मग आतल्या खोलीतून हाक मारल्यावर बसल्या जागेवरून तो ‘आलो!’ म्हणून ओरडला, तर विचारा, की अजून उठलाही नाहीस, मग हा भूतकाळ कुठला? याचं इंग्रजी मात्र ‘आय केम’ नव्हे, ‘कमिंग!’