आवळा, गोळी आणि शीर

घरात कर्करोगाचा रुग्ण असला की आवळ्याची सुपारी, ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आपोआप जमा होतात. या आशेला थोडा आधार आहे. फुप्फुसाच्या कर्कपेशींत मोकळे लोह अधिक असते. त्याच्याशी या जीवनसत्त्वाची क्रिया होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होते व निरोगी पेशींपेक्षा कर्कपेशीच अधिक दुबळ्या होतात, असे अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 साली दाखविले. परंतु रुग्णांना ती प्रचंड मात्रा शिरेवाटे आणि केमोथेरपीच्या जोडीनेच दिली गेली. गोळीने रक्तातील प्रमाण मर्यादेपलीकडे चढत नाही. उरलेले मूत्रावाटे निघून जाते. मेयो क्लिनिकच्या 1979 आणि 1985 मधील चाचण्यांत कर्करोगाच्या रुग्णांना रोज 10 ग्रॅम पोटातून देऊनही लाभ दिसला नाही. शिरेवाटेची मात्राही मूत्रपिंड दुबळे असलेल्यास अपायकारक ठरू शकते.