कुत्र्याच्या खाजेची गोळी आणि मागून येणारे रोग

वस्तीवरचा कुत्रा रात्रभर कराकरा अंग खाजवू लागला, की मेडिकल दुकानातून बारीक गोळी आणायची आणि भाकरीत घालून द्यायची, असे पुष्कळ ठिकाणी चालते. दोन दिवसांत खाज थांबते. मग तीच गोळी महिना-महिना चालू राहते. ही गोळी बहुधा प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉईड असते.

पिसवांचा चावा, धुळीतले किडे, गवताचे पराग यांनी शरीर नको इतके चवताळते, त्याला ॲलर्जी म्हणतात. स्टेरॉईड हे चवताळणे दाबते. पण रोगजंतूंशी झुंजायची ताकदही त्याच्याबरोबर दबते. राखणदारच झोपला, की चोरांचे फावते, तसेच हे.

यातला पहिला चोर म्हणजे डेमोडेक्स नावाचा सूक्ष्म किडा. केसांच्या मुळाशी तो बहुतेक कुत्र्यांच्या अंगावर असतोच. पिल्लाला तो आईकडून मिळतो. एरवी त्रास देत नाही. प्रतिकारशक्ती खचली, की मात्र वाढतो. डोळ्यांभोवती, तोंडाजवळ, पुढच्या पायांवर केस झडतात. आपण म्हणतो लूत लागली, आणि गोळी आणखी वाढवतो! इथेच घात होतो. डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, तेव्हा किडा दिसतो. हा किडा माणसाला लागत नाही.

नायट्याचे मात्र तसे नाही. गोल चट्टा पडून केस गेले, तर तो घरातल्या पोरांना आणि गोठ्यातल्या वासरांनाही लागू शकतो. याशिवाय अंगावर पू भरलेल्या पुळ्या येतात, किंवा कातडी तेलकट, काळी, जाड होऊन कुबट वास सुटतो. लघवीच्या मार्गातही जंतू वाढतात. स्टेरॉईडने दाह झाकला जात असल्याने कुत्रा कुंथत नाही, ताप येत नाही. म्हणून लांब मुदत गोळी चालू असेल, तर अधूनमधून लघवी तपासून घ्यावी.

सायक्लोस्पोरिन आणि अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळालेले ऑक्लॅसिटिनिब हीही खाजेची औषधे आहेत. धोका त्यांतही आहे. ऑक्लॅसिटिनिब तर वर्षाखालच्या पिल्लाला देत नाहीत.

आता कुणी म्हणेल, मग गोळी बंदच करू. थांबा! फार दिवस चाललेले स्टेरॉईड एकदम तोडू नका. शरीराने स्वतःचे स्टेरॉईड बनवणे कमी केलेले असते. एकदम तोडल्यास कुत्रा ओकतो, गळून जातो, प्रसंगी दगावतो. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात, तशीच उतरवावी. सोबत माणसांची दुखण्यावरची गोळी तर मुळीच घालू नये, पोटात व्रण पडून रक्तस्राव होतो.

मी शेतीखात्याचा माणूस, जनावरांचा डॉक्टर नव्हे. पण माझे मत विचाराल, तर आधी पिसवा आणि गोचीड हटवा. निम्मी खाज तिथेच असते, विशेषतः शेपटीच्या बुडाशी खाजवत असेल तर. कानाच्या कडा व कोपरे सोलली असतील आणि घरच्या माणसांनाही खाज सुटली असेल, तर ती खरूज असू शकते. तिथे स्टेरॉईड दिल्यास किडे अधिकच माजतात. जळके ऑईल किंवा पिकावरचे कीटकनाशक अंगाला चोपडू नका. कुत्रा ते चाटतो आणि विषबाधा होते.

दवाखान्यात जाताना गोळीचे रिकामे पाकीट बरोबर न्या आणि ती किती दिवस दिली, ते सांगा. कुत्रा फार पाणी पितो, सारखा मुततो, पोट सुटले आहे, हेही सांगा. पिसाळण्याच्या रोगाची लस द्यायची झाल्यास ही गोळी चालू असल्याचे आधी कानावर घाला.