बाटली भरली कधी?

दुधाच्या पिशवीवरची तारीख आपण हमखास बघतो, पण बिअरच्या बाटलीवरची? हॉप्सच्या वासावर चालणारी आयपीए काही महिन्यांतच उतरते, म्हणून ती ताजीच भारी. बेल्जियममधल्या ऑर्व्हाल मठाच्या बिअरचं मात्र वेगळंच! बाटली भरताना तिच्यात साखर आणि यीस्ट घालतात. मग बूच लावल्यावरही बिअर आतल्या आत आंबत राहते, फेसही तिथेच तयार होतो. त्यातलं ब्रेटानोमायसिस नावाचं यीस्ट तर महिनोन्‌महिने चव बदलत राहतं. म्हणून लेबलवर भरल्याची तारीख असते आणि ‘बेस्ट बिफोर’ थेट 5 वर्षांनंतरची! मठाजवळच्या कॅफेत ताजी आणि मुरलेली, दोन्ही मिळतात. अगदी लोणच्यासारखं! त्यामुळे नुसती एक्स्पायरी बघून भागत नाही. बाटली भरली कधी, तेही वाचा.